नावाडणीचं शेवटचं प्रकरण

बाई नकाशे काढण्याच्या कचेरीत नोकरीला होत्या आणि अकरा वर्षं एकच कादंबरी लिहीत होत्या; तीही बाद झालेल्या नकाशांच्या कोऱ्या पाठीवर. नवाकोरा कागद पाहिला की त्यांचा हात आखडायचा. पुढच्या बाजूला कुणाचं तरी शेत, कुणाची तरी विहीर असली की मागे शब्द झरझर उतरायचे. आता या खोडीला काय म्हणावं? पण तीच नडली. लिहिलेली बाजू खाली करून ठेवायची त्यांची सवय. एके दिवशी नवऱ्याने कपाट आवरायला काढलं, गठ्ठ्यावरचे नकाशे पाहिले आणि सगळा गठ्ठा रद्दीत देऊन टाकला.

"अगं, मला वाटलं ऑफिसची रद्दी आहे," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. दोघं धावत रद्दीवाल्याकडे गेली, तोवर माल कागदाच्या कारखान्यात पोचून त्याचा लगदाही झाला होता. दुसरी प्रत नव्हती.

रविवारी सकाळी बाई वाचनालयाच्या माडीवर गेल्या त्या निरोप घ्यायलाच. तिथे सात-आठ लिहिणारे-ऐकणारे जमत. त्यांची रीत जगावेगळी होती. एकाने एक प्रकरण वाचायचं, बाकीच्यांनी वाहवा करायची नाही. पुढच्या रविवारी कुणीतरी तेच प्रकरण तोंडी सांगून दाखवायचं, मगच नवं वाचायचं. बाईंची कादंबरीही तिथे अशीच प्रकरणाप्रकरणाने वाचली जात होती. फक्त एक कुलूपवाला भिंतीला टेकून डोळे मिटून बसे आणि सांगायची पाळी आली की "पुढच्याला द्या" म्हणे. त्याला सगळे डुलकीसम्राट म्हणत. बाईंना मनातून त्याचा रागच होता.

बाईंनी झालं ते सांगितलं. औषधांच्या दुकानवाल्याने चष्मा पुसला.

"ताई, बसा. पहिलं प्रकरण माझ्याकडे आहे. घ्या लिहून."

आणि तो सांगायला लागला. नदीवरची ती विधवा नावाडीण, तिची गळकी नाव, नव्या पुलाची चर्चा, सगळं. शिंपीणबाईंनी दुसरं सांगितलं, तेही बाई जिथे श्वास घ्यायला थांबल्या होत्या तिथे थांबत. बाईंच्या अंगावर काटा आला. आपण या लोकांपुढे कागद वाचत होतो, की यांच्या घरात ठेव ठेवत होतो? रविवारामागून रविवार गेले. सातव्या प्रकरणाला मात्र सगळे अडले. ते वाचलं तेव्हा आणि पुढच्या रविवारीही पाऊस होता, फार कुणी आलंच नव्हतं.

"मी होतो," डुलकीसम्राट म्हणाला आणि डोळे न उघडता त्याने सातवं प्रकरण घडाघडा सांगितलं. नावाडणीच्या तोंडची एक शिवी बाई स्वतः विसरल्या होत्या, तीही त्याने जागच्या जागी दिली. बाई लिहायचं सोडून त्याच्याकडे बघतच राहिल्या.

शेवटचं प्रकरण तेवढं उरलं. ते बाईंनी अजून वाचलंच नव्हतं.

"ते मलाच सांगावं लागणार," त्या म्हणाल्या. "पूल होतो. नावेत कुणी बसेनासं होतं. आणि एका सकाळी नावाडीण बुडते."

कुलूपवाल्याने डोळे उघडले.

"आमची नावाडीण? बुडेल कशी? पुरातून बाळंतीण पलीकडे नेलीय तिने. तुम्ही दमला होता का हो ताई, ते लिहिताना?"

खरंच दमल्या होत्या त्या. एकदाचं संपवायचं म्हणून दोन दिवसांत त्यांनी नावाडणीला पाण्यात लोटलं होतं. अकरा वर्षं तिच्याबरोबर काढूनही जे त्यांना दिसलं नाही, ते या माणसाला मिटल्या डोळ्यांनी दिसत होतं.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. पेन खाली ठेवून त्या पुढे सरकून बसल्या. "मग काय करते ती? सांगा ना."