एक आरती, दोन टीव्ही

दुकानदाराने दोन्ही टीव्हींवर केबलवरची शिप्रेकाठच्या रामघाटची आरती लावली, तेव्हा आई मोठ्या टीव्हीसमोर सरकली आणि बाबा लहान टीव्हीजवळ.

आईला कमी ऐकू येतं, तिला मोठं चित्र हवं. बाबांची नजर गेली आहे, त्यांना स्वच्छ आवाज हवा. बजेट एकाचंच. मोठ्याचा आवाज बंद होता.

आईने सवयीने पडद्यापुढे हात धरून आरती घेतली. हात तसेच राहिले. माझ्या कानाशी म्हणाली, “मोहन आहे रे गर्दीत.”

मोहन माझा धाकटा भाऊ. पुरात शिप्रेत वाहून गेला, सापडला नाही.

तेवढ्यात पलीकडून बाबा म्हणाले, “चूप रहा सगळे. हिंदी आरती संपली तरी कोणीतरी एकटाच मंत्रपुष्पांजली म्हणतोय. आपला मोहन म्हणायचा तशी.”

“जुनी कॅसेट असेल,” मी म्हणालो.

“नहीं भैया, लाइव है,” दुकानदार म्हणाला.

मी दोन्हीकडे पाहिलं. मला फक्त गर्दी दिसली आणि घंटा ऐकू आल्या.

मंडळी, तुम्ही त्यांना काय सांगितलं असतं?

सकाळी इथेच पुढचं जोडतो: दुकान उघडताच बाबांनी दोन्ही टीव्ही हप्त्यांवर आणले. दोघं समोर बसून संध्याकाळची वाट बघत आहेत.