आमच्या वावरात पडलेला गोरा

पारोळ्याच्या अलीकडे आमचं कपाशीचं वावर होतं. लढाईच्या दिवसांत त्यात एक विमान पडलं. माझं लग्न होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मी ओट्यावर ज्वारी पाखडत होते. आधी घरघर ऐकू आली, मग ती एकदम तुटली आणि असा दणका बसला की सूप हातातून सुटलं.

आमचे हे, म्हणजे माझे मालक, बैल तसेच टाकून धावले. मागोमाग माझे धाकटे दीर. विमानाची शेपटी तेवढी धड होती. आतला गोरा म्हणजे मिसरूडही नीट न फुटलेलं पोर. यांनी तापल्या पत्र्यातून ओढून बाहेर काढला तेव्हा त्याच्यात जीव नव्हता. यांचे दोन्ही तळवे भाजून निघाले. कोतवाल पारोळ्याला वर्दी द्यायला गेला. त्या दिवशी कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपार कलली तरी नाही.

आता आमच्याकडची रीत अशी, की शिवारात मढं पडलेलं असताना गावात चूल पेटवत नाहीत. पोरं भुकेनं रडून रडून गळाठली. ऊन तर असं की प्रेताजवळ उभं राहवेना. सगळे पारावर जमले. दहन करून टाकू, असं पहिल्यांदा म्हणाले ते माझे दीरच. "भाऊ, तुनं वावर शे, आग तूच दे. बठ्ठं गाव उपाशी शे." पाटलांनी मान डोलावली. कुणी गोवऱ्या दिल्या, कुणी तूप आणलं, चौघांनी तिरडी उचलली. यांनी भाजल्या हातांनी अग्नी दिला आणि रीतीप्रमाणे डोकं भादरून घेतलं. "याच्या आईला कोण सांगेल?" एवढंच मला म्हणाले. मग घरोघरी चुली पेटल्या. सगळे पोटभर जेवले, हे मी विसरलेले नाही.

पुढं दोन दिवसांनी लष्कराचा ट्रक आला, सोबत धुळ्याचे पोलीस. आमचा माणूस कुठं आहे म्हणे. चले जावची धामधूम नुकतीच सरलेली. त्यांना वाटलं, गावानं त्याला जिवंत धरला, मारला आणि पुरावा जाळून टाकला. "कुणी जाळला?" फौजदारानं विचारलं. अख्खं गाव मुकं! अरे, सगळ्यांनी मिळून केलं एवढं बोलायला काय जीभ झडली होती? सगळे बोलले असते तर कुणाकुणाला नेलं असतं? पाटील म्हणाले, मी त्या दिवशी गावातच नव्हतो. मेल्यांनो! तिरडीच्या पुढच्या दांड्याला त्यांचाच तर खांदा होता.

"मग घरांच्या झडत्या घेऊ," फौजदार म्हणाला. तसा दिरांचा चेहरा पांढराफटक पडला. विमानाचा पत्रा आणि गोऱ्याच्या हवाई छत्रीचं रेशीम त्यांनी कडब्याखाली दडवलं होतं, मला ठाऊक होतं. ते पुढं झाले, यांच्या डोक्यावरचं पागोटं उचललं आणि म्हणाले, "हाई देखा."

भादरलेलं डोकं सगळ्यांना दिसलं. हे नुसते भावाकडं बघत राहिले. मी दारातून ओरडले, "भाऊजी, तुम्हीच सांगितलं ना यांना!" तर सासऱ्यांच्या वयाची माणसं माझ्यावरच खेकसली, आत जा म्हणून. यांना ट्रकात घातलं आणि घरांची झडती झालीच नाही.

कपाशी वेचून संपली तरी हे धुळ्याच्या तुरुंगातच. सुटून आले तेव्हा केस वाढले होते, पाठ मात्र कायमची वाकली. भेटेल तो म्हणायचा, "भाऊ, बरं झालं, परत उना तू." माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. हे भावाशी एक शब्द बोलले नाहीत, बरा ना वाईट.

स्वातंत्र्य आलं त्या वर्षी दीर पटकीनं गेले. पदरी मूलबाळ नव्हतं. गावातल्या चुली पुन्हा थांबल्या. जाऊ उंबऱ्यात बसून रडायला लागली आणि गावकरी आमच्या दारात आले. "भाऊ, आग तूच दे," म्हणाले. तेच शब्द! मला विचाराल तर मी काडीसुद्धा दिली नसती. हे उठले, मुकाट्यानं गेले, अग्नी दिला. न्हावी वस्तरा परजून बसला होता. यांनी पागोटं दोन्ही हातांनी डोक्यावर घट्ट दाबलं आणि सगळ्यांच्या देखत त्याच्यासमोरून घरी निघून आले.