एक दिवसाआड येणारं हिव

नागपूरहून निघालेली एसटी वरोऱ्याला थांबली, तेव्हा माझ्या मांडीवर पालीची दोन जाड पुस्तकं होती आणि डोक्यात भलताच आत्मविश्वास. नव्वदचं दशक सरत आलं होतं आणि भाद्रपद चालू होता. मी कॉलेजात पाली शिकवते. सुत्तं, म्हणजे बुद्धाची जुनी प्रवचनं, वर्गात वाचून वाचून गुळगुळीत झाली होती. ती नुसती वाचायची नाहीत, त्यांत सांगितलंय तसं बसून पाहायचं, हे वेड मला दोन वर्षांपूर्वी लागलं. तेवढ्यात माझी ध्यानाची दोन शिबिरं झाली होती. दोन शिबिरांत माणसाला किती शिंगं फुटतात, ते पुढे येईलच.

वरोऱ्याला एक म्हातारी शेजारी येऊन बसली.

"कुठी चालल्या बाई?"

"चामोर्शीच्या पलीकडे. ध्यानाचं शिबिर आहे."

"थिथी काय करतेत?"

"दहा दिवस न बोलता बसायचं. श्वास पाहायचा."

"आन् जेवाले देतेत का नाई?"

"देतात."

"मंग बरं हाय," म्हणून तिनं पिशवीतलं वाळूक (काकडी) मोडून अर्धं माझ्या हातावर ठेवलं.

भद्रावतीला मी मुद्दाम उतरले. तिथल्या टेकडीच्या पोटात लेणी आहेत, लांब बोळासारखी, आणि बोळाच्या शेवटी काळोखात बसलेला बुद्ध. टॉर्चच्या उजेडात चेहरा झिजलेला दिसत होता. वटवाघळांचा वास होता. मी समोर मांडी घातली, डोळे मिटले आणि दहाव्या मिनिटाला डास चावतात म्हणून उठले. पुढच्या गाडीनं चंद्रपूर गाठलं, कोळशाची भुकटी नाकात घेऊन मूलच्या गाडीत बसले. मूलनंतर कापूस संपतो आणि धानाच्या बांध्या (भातखाचरं) लागतात, त्यांच्यामागे जंगल. गडचिरोलीत एका नातेवाइकाकडे रात्र काढली.

दुसऱ्या दिवशी चामोर्शीच्या गाडीत निम्मी माणसं मार्कंड्याच्या देवळाला निघालेली होती. ती उतरल्यावर गाडी निम्मी रिकामी झाली. पुढे जीप, जीपनंतर चिखल आणि शेवटी गुडघाभर पाण्याचा नाला. पलीकडच्या काठावर देवाजी गुरुजी छत्री घेऊन उभे होते. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, सत्तरीला टेकलेले. त्यांनी पोस्टानं पुस्तकं मागवून एकट्यानं पाली शिकून घेतली होती. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, इथल्या बौद्ध वस्तीत रोज संध्याकाळी विहारात ग्रंथ वाचतात. गुरुजींना यंदा वाचनाबरोबर ध्यानही हवं होतं, म्हणून त्यांनी मला पत्र लिहिलं होतं.

"जयभीम बाई. चप्पल हातात घ्या, गाळ लय हाय," ते म्हणाले. मी घेतली नाही. एक चप्पल नाल्यानं घेतली.

विहार म्हणजे पत्र्याची एक खोली. एका टोकाला बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो, खाली शेणानं सारवलेली जमीन. शिबिराला आठ माणसं होती. जेवण गुरुजींच्या घरून यायचं. भात, लाखोळीच्या डाळीचं वरण, एक दिवस वास्ते (बांबूचे कोवळे कोंब), एक दिवस सात्या (वारुळावर उगवणाऱ्या अळंब्या). इतकं चवदार जेवण मी आयुष्यात फार थोड्या वेळा जेवले आहे. आता त्याची आठवणही नको वाटते.

आठांत एक यशवंता होता. वय तिशीचं, उन्हाळ्यात बांबू तोडायला जाणारा, पावसाळ्यात दुसऱ्याच्या बांधीत रोवण्याला (भात लावायला). वर्षभरापूर्वी त्यानं दारू सोडली होती, पण राग सुटत नव्हता. "बायकोले मारतो अन् मंग रडतो," असं त्यानं पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं. "हे सुटन का?"

"सुटेल," मी म्हटलं. "फक्त नियम मोडायचा नाही."

नियम असे. दहा दिवस मौन, खाणाखुणाही नाहीत. घर हाकेवर असलं तरी जायचं नाही. आणि रोज तीन वेळा अधिष्ठान, म्हणजे तासभर अजिबात न हलता बसण्याचा निश्चय. सकाळी मी सुत्त वाचायची आणि मराठीत सांगायची. दुःखद वेदना जाणवली की ही दुःखद वेदना आहे एवढंच जाणायचं, तिच्यामागे धावायचं नाही, तिच्यापासून पळायचं नाही. गुरुजींचे उच्चार चुकले की मी तिथल्या तिथे दुरुस्त करायची, चारचौघांत. ते "हो बाई" म्हणून वहीत लिहून घ्यायचे.

तिसऱ्या दिवशी दुपारच्या बैठकीत यशवंता थरथरायला लागला. दात वाजत होते. पण मांडी मोडली नाही, डोळे उघडले नाहीत. तास संपल्यावर गुरुजी मला बाहेर घेऊन गेले.

"बाई, हे हिव हाय. हिवताप असन. इकडं घरोघरी हाय. दवाखान्यात धाडू त्याले."

मी हसले. खोटं कशाला सांगू, हसलेच. म्हटलं, "गुरुजी, माझ्या पहिल्या शिबिरात मीही अशीच कापले होते. आत साठलेला राग वर येतो तेव्हा शरीर तापतं, थंडी वाजते. आत्ता उठवलं तर त्याचं सगळं वाया जाईल."

"पन बाई..."

"उद्या पाहू."

आणि दुसऱ्या दिवशी यशवंता ठणठणीत होता. चेहरा उतरलेला, पण शांत. मी संध्याकाळच्या प्रवचनात त्याचं नाव न घेता उदाहरण दिलं. वेदना उठते, वेदना जाते, पाहणारा पाहत राहतो. सगळ्यांनी त्याच्याकडे आदरानं पाहिलं. गुरुजींनीही. एक दिवसाआड येणारा ताप हेच हिवतापाचं लक्षण, हे त्या खोलीत गुरुजींना ठाऊक होतं. पण त्यांच्यासमोर पालीची प्राध्यापिका बसली होती, आणि आपण शिकलेल्या माणसासमोर चूप बसतो.

पाचव्या दिवशी पुन्हा थंडी वाजली. या वेळी त्यानं बैठकीनंतर माझ्याकडे पाहिलं आणि हात कपाळाकडे नेला. मी मान हलवून त्याला नियमाची आठवण करून दिली. त्यानं हात खाली घेतला. या प्रवासातलं बाकी सगळं मी विसरले तरी ते विसरणार नाही.

सहाव्या दिवशी तो भात न खाता पडून राहिला आणि पाऊस कोसळत होता. सातव्या दिवशी सकाळी तो उठलाच नाही. हाक मारली तर डोळे अर्धवट उघडायचे आणि काहीतरी असंबद्ध बोलायचा. मौन तेव्हा सुटलं.

त्याची बायको रंजना धावत आली. सहा घरं पलीकडे राहणाऱ्या त्या बाईला नवरा चार दिवस आजारी आहे हे ठाऊकच नव्हतं. तिनं त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि थेट खाट आणायला गेली. खाटेला बांबू बांधून चौघांनी ती खांद्यावर घेतली. इकडे आजारी माणूस असाच जातो. पण नाला दुथडी भरून वाहत होता. काठावर खाट ठेवून वर ताडपत्री धरली आणि पाणी उतरायची वाट पाहत आम्ही अख्खी सकाळ उभे राहिलो. एकजण पाण्यात काठी रोवून येई आणि नुसती मान हलवी.

रंजना त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिनं मला विचारलं, "थो बोलला काऊन नाई?"

मी म्हटलं, "मौन होतं."

"डोस्कं दुखते म्हनून बी सांगाचं नोहोतं?"

मी ताडपत्रीचं टोक तिच्या डोक्यावर ओढलं.

"बाई, तुमच्या पुस्तकात दवाखान्यात नोको जा असं लिवलं हाय का?"

"नाही."

"मंग?"

दुपारी पाणी कमरेइतकं उतरलं. खाट डोक्यावर धरून ते पलीकडे गेले, मी नाल्यावर आडवा बांधलेला दोर धरून मागोमाग. पुढे एका ट्रॅक्टरवर घालून त्याला आरोग्य केंद्रात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरनं रक्ताचा थेंब काचेवर घेतला, सलाईन लावलं, सुई टोचली. ताप मेंदूत गेला होता. "परवा आणला असता तर गोळ्यांवर निभावलं असतं," तो म्हणाला. त्याला मी कोण हे माहीत नव्हतं. यशवंता दिवस मावळायच्या आधी गेला.

शिबिर तिथंच संपलं. मला पळून जायचं होतं. गुरुजी म्हणाले, "पुण्यानुमोदन (मृत्यूनंतरचा विधी) पाचव्या दिशी हाय. थांबा. नाईतर लोक म्हनतीन, बाई भ्याली." भ्यालेच होते. तरी थांबले. ते पाच दिवस मी गुरुजींच्या ओसरीवर काढले. कुणी शिवी दिली नाही. जेवायला वाढत होते, ते शिवीहून जड होतं. आणि या पाच दिवसांत मला माझ्याच विषयातला एक प्रसंग पाठ सोडेना. तो मी दरवर्षी शिकवते, परीक्षेत त्यावर टीप विचारते. एक भिक्खू पोटाच्या विकारानं आपल्याच घाणीत पडलेला असतो. सगळे आपापल्या साधनेत असतात, त्याच्याकडे कुणी बघत नाही. बुद्ध पाणी आणायला लावतो, आपला शिष्य आनंद याच्यासह स्वतः त्याला धुतो, उचलून खाटेवर ठेवतो आणि मग बाकीच्यांना जाब विचारतो.

पाचव्या दिवशी विहार भरलं होतं. वंदना झाली. गुरुजींनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उभी राहिले आणि भाषण न करता तो प्रसंग वाचला. आधी पाली, मग मराठी. शेवटी म्हटलं, "चूक माझी झाली. गुरुजींनी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

रंजना पुढच्याच रांगेत पांढऱ्या लुगड्यात बसली होती. तिनं सगळं लक्ष देऊन ऐकलं. मग शांतपणे म्हणाली, "हे तं त्याच पुस्तकात व्हतं ना बाई? मंग थ्या दिशी हे काऊन नाई वाचलं?"

मी पुस्तक मिटून खाली बसले.

दुसऱ्या दिवशी गुरुजी मला नाल्यापर्यंत पोचवायला आले. त्यांनी स्वतःचीच समजूत घातल्यासारखं म्हटलं, "मी बी जोरात बोललो नाई, बाई." हे त्यांच्या वाट्याचं ओझंही माझंच होतं, पण ते त्यांच्याकडून कसं काढून घ्यावं ते मला कळलं नाही. गडचिरोली, मूल, चंद्रपूर, वरोरा. येताना खिडकीबाहेर पाहिलं नाही, त्यामुळे लिहिण्यासारखं काही नाही.

लोक विचारतात, तरीही तू बसतेस? बसते. सुत्त खोटं नव्हतं, मी त्यातलं मला सोयीचं तेवढं वाचलं होतं. आता कुठेही शिबिर घेतलं की सकाळी सगळ्यांच्या कपाळाला हात लावून पाहते आणि कुणाला बरं वाटत नसेल तर मौन मोडून सांगायचं, हा पहिला नियम सांगते. बैल गेला अन् झोपा केला, एवढाच त्याचा अर्थ.

रंजनाकडे माफी मागायला परत जावं असं पुष्कळदा मनात येतं. गेले नाही. ती माफ करील अशी मला भीती वाटते. मग मी नागपूरला हलकी होऊन परतेन, आणि ती तिथंच राहील.