रेजिनामावशी आणि चर्चचं दार

दुकानात न खपलेला माल कोपऱ्यात साचत जातो ना, तसे कोरोनातल्या चर्चचे किस्से माझ्याकडे साचलेत. फेकवत नाहीत, आणि कुणाला दाखवावे तर गिऱ्हाईक अर्ध्यापर्यंत हसतं, पुढं गप्प होतं. माझं अमरावतीत नळ-पाइपच्या सामानाचं दुकान. शिक्षण नववी, बाकी सगळं गिऱ्हाइकांनी शिकवलं. चर्च पुन्हा उघडलं तेव्हा आमच्या फादरांनी मला दारावर उभं केलं. हातात ताप मोजायची बंदूक, खिशात नियमांचा कागद. त्यातला एक नियम: पासष्टच्या वरच्यांनी घरीच राहावं.

म्हणजे रेजिनामावशीनं. वय एकाहत्तर. शाळेत आयाचं काम करून रिटायर झालेली, चर्चच्या मागं एका खोलीत एकटी राहायची. सकाळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, आणि तिथं फादरांच्या हातून मिळणारा प्रसाद, कम्युनियन, एवढंच तिचं जग. "जेवण चुकलं तं चालते, हे चुकलं तं दिवसच उगवत नाही," म्हणायची.

"जोसेफ, मले आत घे ना बाप्पा!"

दर रविवारी हेच. आणि दर रविवारी मी घेत नव्हतो.

* * *

आमच्या दाराशी पवित्र पाण्याचं भांडं असतं. बोट बुडवायचं, अंगावर क्रूसाची खूण करायची आणि आत जायचं. लहानपणापासूनची सवय! भांडं रिकामं करून मी त्याच जागी सॅनिटायझरचा स्टँड ठेवला. खाली पाय दाबला की वरून पिचकारी.

पहिले आले सायमनभाऊ, आमचे पेटीवाले. पाय दाबला, ओंजळ भरली आणि कपाळ, छाती, दोन्ही खांदे! कपाळावरचं ओघळून डोळ्यांत. पूर्ण मिस्साभर भाऊ पेटीवर सूर धरून रडताहेत.

मागच्या बाकावरची बाई शेजारणीला म्हणाली, "पाह्य वं, याले म्हन्तात पश्चात्ताप!"

* * *

एका बाकावर दोघांनीच बसायचं होतं. मी दुकानातली लाल टेप नेऊन मधल्या जागांवर फुल्या चिकटवल्या. फुली म्हणजे बसू नका, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

मिस्सा सुरू झाल्यावर वळून पाहतो, तर सगळे नेमके फुल्यांवर बसलेले!

"सायमनभाऊ, फुलीवर कावून बसले?"

"फुली? अरे, तो तं क्रूस हाय! चर्चमंधी क्रूसाची जागा सोडून बसाचं कुठं?"

अंतर मात्र सगळ्यांनी बरोबर पाळलं होतं. मी टेप तशीच राहू दिली.

* * *

एका रविवारी मावशी कागद घेऊनच आली. तिच्या बाप्तिस्म्याचा दाखला. आईबापांसोबत तिचा बाप्तिस्मा झाला तेव्हा ती आठ वर्षांची होती.

फादरांना म्हणाली, "तुमीच शिकोता ना, बाप्तिस्मा म्हंजे नवा जन्म? मंग त्या हिशोबानं मी त्रेसष्टची झाली. आता सांगा या जोसेफले, मले आत घे म्हना!"

फादर वसईकडचे. बोलणं पुस्तकासारखं शुद्ध. त्यांनी दाखला दोनदा वाचला, घडी घालून परत दिला.

"मावशी, तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे. पण हा विषाणू बाप्तिस्मा मानत नाही."

मावशी हसली. मग पायरीवर बसून राहिली, मिस्सा संपेपर्यंत. पायरीसाठी कागदावर नियम नव्हता.

* * *

पुढं सगळंच पुन्हा बंद झालं आणि मिस्सा मोबाइलवर आली. मावशीच्या भाचीनं अकोल्याहून तिला जुना फोन पाठवला. मावशी तो गव्हाच्या डब्याला टेकवून ठेवायची आणि समोर गुडघे टेकायची.

तिसऱ्या का चौथ्या रविवारी तिनं फादरांना फोन केला. "फादर, तुमी 'घ्या' म्हनलं, अन् लगेच फोनात चक्री फिराले लागली. मी हात पसरून बसली होती. पुढं काहीच आलं नाही."

फादरांनी हे मला सांगितलं तेव्हा मी हसलो. ते हसले नाहीत.

* * *

पुढच्या रविवारी फादर स्वतः चर्चच्या फाटकाशी गेले. ते आत, मावशी बाहेर. तिनं गजांमधून हात पुढं केला, फादरांनी तळहातावर कम्युनियन ठेवलं. ते तोंडात घेऊन मावशी डोळे मिटून कितीतरी वेळ तशीच उभी होती.

असली गोष्ट लपते होय! पुढच्या खेपेला फाटकाशी अकरा म्हातारे. रांग पाहून पोलिसांची जीप थांबली.

"काय वाटून राहिले इथं?"

"साहेब, जेवण," मी म्हणालो. खोटं नव्हतं. आम्ही त्याला प्रभुभोजनच म्हणतो.

"पाकिटं कुठं हायेत?"

फादरांनी हातातलं कम्युनियनचं भांडं उघडून दाखवलं. बंद्या रुपयाएवढ्या पांढऱ्या पातळ चकत्या. हवालदारानं आधी त्या पाहिल्या, मग म्हातारे पाहिले.

"एवढ्याशासाठी मरता का बे? चला, घरी!"

दोघांचं झालं होतं. मावशी तिसरी होती.

* * *

महिन्याच्या आत मावशीला खोकला झाला. इथं बेड नव्हता, भाचीनं अकोल्याला नेलं. फादर दोनदा तिकडं जाऊन आले, दोन्ही वेळा दवाखान्याच्या गेटवरूनच परत. निदान तिच्या खिडकीखाली उभं राहून प्रार्थना करावी म्हणून त्यांनी वॉचमनला विचारलं, कोविड वॉर्डाची खिडकी कोणती?

"साऱ्याच, फादर," तो म्हणाला.

* * *

मावशी गेली त्या दिवशी फादरांकडं अमरावतीतच आणखी एक दफन होतं. "तुम्ही पुढं व्हा, मी मागून मोटारसायकलनं येतो. मी आल्याशिवाय माती देऊ नका," म्हणाले. मी अकोल्याच्या कबरस्तानात पोचलो तेव्हा भाची आणि तिचा नवरा आधीच आले होते. आम्हा तिघांना पांढरे किट दिले. ॲम्ब्युलन्ससोबतची माणसंही तशीच. चेहरा कुणाचाच दिसेना. खड्डा तयार होता आणि त्याच्या डोक्याशी एकजण शांत उभा होता. मला वाटलं, चला, फादर वेळेवर पोचले!

मावशीची पेटी खाली उतरवली. आम्ही तिघं त्यांच्याकडं पाहत थांबलो. शेवटी त्यांनी हातमोजे घातलेले हात जोडले.

"देवा, म्हतारी एकटीच आली हाय. इले आत घे."

आम्ही आमेन म्हटलं. वसईच्या माणसानं आमच्या बोलीत प्रार्थना केलेली मी पहिल्यांदाच ऐकत होतो. माती टाकायला वाकलो, तेवढ्यात मागून धापा टाकत आवाज आला.

"जोसेफ, थांबा! मूर्तिजापूरच्या नाक्यावर अडवलं होतं मला!"

फाटकातून फादर पळत येत होते. अर्धा किट अंगात, अर्धा हातात.

मी खड्ड्याच्या डोक्याशी उभ्या माणसाकडं पाहिलं. त्यानं डोळ्यांवरचा चष्मा वर केला.

"मी ॲम्ब्युलन्सचा गाडीवाला हाय, साहेब. तुमी सारे मायाकडंच पाहून राहिले होते ना!"