तीस सेकंदांचं मंगलाष्टक

डीव्हीडी घातली की सिनेमा लगेच सुरू होत नाही. आधी एक चित्र येतं, त्यावर चार-पाच चौकोन, आणि मागे कसलंतरी संगीत. तुम्ही रिमोटवरचं बटण दाबेपर्यंत ते संगीत वाजत राहतं, संपलं की पुन्हा पहिल्यापासून. या संगीताकडे मी जन्मात कधी लक्ष दिलं नव्हतं. कुणीच देत नाही. पण मुलीच्या लग्नाची डीव्हीडी मी स्वतः करायला बसले आणि या कुणी न ऐकणाऱ्या अर्ध्या मिनिटानं मला पंधरा दिवस नादी लावलं.

डीव्हीडीच का, असं मुलीनंही विचारलं. आम्ही कोलकात्यात राहतो, तिथल्या सेक्टर फाइव्हमधल्या तिच्या ऑफिसात निम्म्या पोरांनी डीव्हीडी हातातही धरली नसेल. फोटोग्राफरनं लग्नाचं सगळं चित्रण एका लिंकमध्ये पाठवलं होतं आणि अख्ख्या गोतावळ्यानं ती उघडून पाहिली होती, एक घर सोडून. सांगलीला माझी नणंद राहते, नवऱ्याची थोरली बहीण. मी त्यांना अजूनही वन्संच म्हणते. त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन आहे आणि टीव्हीखाली एक जुना डीव्हीडी प्लेअर, त्यावर त्या कीर्तनं लावतात. लग्नाला त्या आल्या नव्हत्या. त्यांनी ते लग्न पाहावं आणि माझ्याशी पुन्हा धड बोलावं, एवढ्यासाठी माझा सगळा खटाटोप.

आता माझा गुन्हा सांगून टाकते. तोवर आमच्याकडे चाळीस वर्षं वन्संच्या मंगलाष्टकांशिवाय एकही लग्न लागलेलं नव्हतं. त्या स्वतः रचतात. देवादिकांची कडवी झाली की एक नवऱ्या मुलाचं आणि एक नवरीचं, त्यात आजोळापासून सगळं गुंफलेलं. आणि दर कडव्याच्या शेवटी त्यांचा ‘सावधान’ इतका लांब जातो की मागच्या बाजूला आचारीसुद्धा हातातला झारा ठेवून अक्षता टाकतो. भाचीचं लग्न ठरल्याचं कळल्यावर त्यांचा लगेच फोन आला. माइक भटजींच्या हातात असेल का वेगळा मिळेल, अंतरपाट तिकडे मिळतो का इथून आणू, असं सगळं विचारत होत्या. मी तेव्हा हॉल, केटरर आणि पाहुण्यांच्या खोल्या यांत गळ्यापर्यंत बुडालेली. मी म्हणाले की जावई बंगाली, लग्न बंगाली पद्धतीनं, गोधूलीचा मुहूर्त, त्यांच्या पुरोहितांना वेळ नाही. तुम्ही रिसेप्शनला दोन कडवी म्हणा आणि पाच मिनिटांत आटपा.

‘आटपा’ म्हणताना मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मुलांना आंघोळीला पाठवताना म्हणतो, तसं म्हणून गेले. वन्सं ‘बरं’ म्हणाल्या. पंधरा दिवसांनी भावाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, फोन करून त्यांनी कळवलं की गुडघे फार दुखतात, हावड्यापर्यंतचा प्रवास झेपणार नाही. गुडघे दुखत असतीलही, पण त्याच गुडघ्यांनी त्या महिनाभर आधी तिरुपती करून आल्या होत्या. लग्नानंतरही त्यांचे फोन यायचे, पण भावाला. चुकून मी उचलला तर ‘त्याला दे’. चौतीस वर्षं माझी टिंगल करत आणि माझ्याकडून करून घेत आलेली बाई ‘त्याला दे’ एवढ्यावर आली, याचं मला फार वाईट वाटत होतं. नवऱ्यानं एकदा सांगितलं की भाचीचं कडवं त्यांनी मी फोनवर बोलायच्या आधीच लिहून ठेवलं होतं. त्या दिवशी मी विनाकारण कामवालीवर खेकसले.

कोऱ्या डिस्क शोधायला चांदनी मार्केटला गेले. तिसऱ्या दुकानदारानं फळीच्या मागे हात घालून धुळीनं माखलेलं पाकीट काढलं आणि आधी पुसून मग माझ्याकडे संशयानं पाहिलं. घरी जुना कॉम्प्युटर होता, त्यात डीव्हीडी करायचा प्रोग्रॅम होता. मला अशा गोष्टींत भारी रस. कुठलं बटण दाबलं की काय होतं, हे पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. चित्रणाचे तुकडे पाडले, प्रत्येकाला चौकोन दिला, वन्संना कळावं म्हणून नावं मराठीत लिहिली. बंगाली नवरी तोंडापुढे दोन विड्याची पानं धरून येते. तिला पाटावर बसवून भाऊ नवऱ्याभोवती सात फेरे फिरवतात, मग ती पानं बाजूला करते आणि दोघं एकमेकांना बघतात. त्या चौकोनाखाली मी लिहिलं, ‘यांचा अंतरपाट’.

मग आला संगीताचा प्रश्न. प्रोग्रॅमनं आपणहून एक धून लावली होती. ती ऐकताना दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसल्यासारखं वाटत होतं. ती काढून सनई लावली. नवरा म्हणाला की गोड आहे, पण ही कुणाच्याही लग्नाची सनई आहे. मग आमच्याच चित्रणातला शंख आणि बायकांचा उलू, म्हणजे जीभ हलवून काढलेला मंगल आवाज, असा तुकडा घेतला. तो दर अर्ध्या मिनिटाला वाजायला लागल्यावर खालच्या मजल्यावरच्या काकूंनी वर येऊन विचारलं की आज तुमच्याकडे कसली पूजा आहे.

प्रयोग म्हणून एक डिस्क नवऱ्यासमोर लावून मी स्वयंपाकघरात गेले. परत आले तर त्याचा चहा संपला होता आणि तो शांतपणे तेच चित्र पाहत बसला होता. म्हणाला, लग्न कधी सुरू होणार? मी म्हटलं, तू बटण दाबल्यावर. त्याला वाटलं होतं की संगीत संपलं की आपोआप पुढे जाईल. मला मोठी गंमत वाटायला लागली. बाकी कुठल्याही गाण्याला शेवट असतो. हे मात्र बघणाऱ्याच्या मर्जीवर थांबलेलं. याला किती वेळ वाजायचंय ते माहीत नाही, आणि ज्याच्यासाठी वाजतंय तो ऐकतोय की नाही तेही नाही.

यातूनच मला माझ्या लग्नाची कॅसेट आठवली. माझ्या मामेभावानं वाईला आमच्या लग्नात टेपरेकॉर्डर लावून ठेवला होता. त्यात वन्संची मंगलाष्टकं असणार. वन्संना त्यांचाच आवाज ऐकवावा, यापेक्षा मोठी माफी कुठली? कॅसेट माळ्यावरच्या डब्यात सापडली, पण कोलकात्याच्या दमटपणानं फितीवर पांढरी बुरशी धरली होती. चांदनीतल्याच एका रेडिओ दुरुस्तीवाल्यानं ती स्पिरिटनं पुसून, आठ दिवस ठेवून घेऊन, आवाज पेन ड्राइव्हवर उतरवून दिला.

हेडफोन लावून ऐकायला बसले. आधी खोकणं, मग कुणाचंतरी ‘पुढे सरका’, मग एक मूल पेढ्यासाठी रडतंय. आणि मग वन्सं. अडतीस वर्षांच्या वन्सं, खणखणीत. आपल्याच लग्नातली मंगलाष्टकं नवरीला ऐकू येत नाहीत, हे मला तोवर कधी सुचलं नव्हतं. मी अंतरपाटामागे हार धरून उभी होते, हार जड होता आणि नथ टोचत होती. माझ्यासाठी त्यांनी काय म्हटलं ते मी चौतीस वर्षांनी सॉल्ट लेकच्या घरात ऐकलं. मला बघायला आले होते तेव्हा मीच पाहुण्यांना प्रश्न विचारले होते, घरात खोल्या किती, पाणी किती वाजता येतं. वन्संनी तेच कडव्यात घातलं होतं. या मुलीला फार प्रश्न पडतात, असं त्या गात होत्या, हिचे प्रश्न कधी संपू नयेत आणि आमच्या घराला उत्तरं द्यायचा कंटाळा येऊ नये. मांडवात हशा पिकलेला कॅसेटमध्ये ऐकू येतो. मी एकटीच ढसाढसा रडले.

हेच कडवं लावायचं ठरलं. अडचण एवढीच की प्रोग्रॅम मेन्यूला, म्हणजे त्या पहिल्या चौकोनांच्या चित्राला, तीस सेकंदांपेक्षा जास्त जागा द्यायला तयार नव्हता आणि वन्संचं कडवं पन्नास सेकंदांचं. अर्ध्यातून सुरू करावं तर माझे प्रश्न जात होते. म्हणून सुरुवातीपासून घेतलं, तिसाव्या सेकंदाला आवाज अलगद बारीक केला आणि पुन्हा पहिल्या ओळीवर आणला. जोड कुठे आहे ते कळूसुद्धा नये इतकं सफाईदार काम झालं. शेवटचा ‘सावधान’ त्यात आला नाही, हे माझ्या लक्षात आलं होतं. पण तो तर सगळ्यांनाच पाठ असतो, तो कशाला हवा, असं मी मनाशी म्हटलं आणि डिस्क पोस्टात टाकली.

डबी पोहोचून नऊ दिवस झाले तरी काही नाही. भावाला फोन आला, त्यात ‘डबी मिळाली’ एवढंच. दहाव्या दिवशी दुपारी माझा मोबाइल वाजला. वन्संचा नंबर पाहून मी आधी पदराला हात पुसले.

नमस्कार-चमत्कार काही नाही. त्या म्हणाल्या, “मला एक सांग. तुझ्या त्या डबीत मी सावधान का म्हणत नाही?”

मी उत्साहानं सांगायला लागले. प्रोग्रॅम असा असतो, त्यात तीस सेकंदच बसतात, कडवं पन्नासचं होतं, शेवट घेतला असता तर सुरुवात गेली असती. त्यांनी मला सगळं बोलू दिलं.

“म्हणजे तिथंही मला आटपायला लावलंस,” त्या म्हणाल्या.

त्यांना खूश करायला मी त्यांचाच आवाज शोधून काढला, बुरशी पुसून घेतली आणि पुन्हा नेमक्या त्याच जागी कात्री लावली. प्रोग्रॅमचं नाव सांगून सुटण्यासारखं हे नव्हतं. मला खरंच लाज वाटली.

“वन्सं, चुकलं माझं,” मी म्हणाले. “तेव्हाही आणि आताही.”

पलीकडे त्यांच्या टीव्हीवर मेन्यू चालू होता, तो ऐकू येत होता. मी विचारलं की लग्न कसं वाटलं.

“बघितलंय कुठं?” वन्सं म्हणाल्या. “रोज लावते. हे संपेल, सावधान होईल, मग पुढं बघावं, तर हे परत पहिल्यापासून. सावधान झाल्याशिवाय पुढं जायचं म्हणजे लग्न लागायच्या आधी पंगतीला बसल्यासारखं. हात उचलत नाही माझा.”

नऊ दिवस. मी ज्याला कुणी न ऐकणारं संगीत म्हणत होते, ते एक बाहत्तर वर्षांची बाई नऊ दिवस रोज समोर बसून ऐकत होती, आणि पुढचं बटण कुठलं ते ठाऊक असून दाबत नव्हती. भाची अजून तिच्या लेखी लग्नाची व्हायची होती. मी म्हणाले की मी उद्याच दुसरी करून पाठवते, अर्ध्यातून सुरू करते, सावधान घालते.

“नको. थांब जरा,” त्या म्हणाल्या, आणि फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला.

मेन्यू पुन्हा पहिल्या ओळीवर आला. तरुण वन्सं माझे प्रश्न गात होत्या, मांडव हसत होता. मी आवाज बारीक केलेली ती जागा आली, आणि तिथून खोलीतल्या वन्संनी उचललं. आवाज खाली आलेला, मध्ये एकदा श्वास घ्यावा लागला, पण उरलेल्या ओळी त्यांनी एकही अक्षर न गाळता म्हटल्या. खालून मेन्यू पुन्हा सुरू झाला होता, त्याच्याकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. ‘सावधान’ त्यांनी पूर्वीसारखाच लांबवला. मग बटण दाबलं गेलं, मेन्यू थांबला आणि आमच्या हॉलमधला शंख सांगलीला वाजला.

“ही शंख फुंकणारी कोण?” त्यांनी फोन उचलून विचारलं.

मी म्हणाले, “तुमच्या भाचीची सासू.”

“दम आहे बाईला,” वन्सं म्हणाल्या. मग कोण कोण आहे ते मला सांगत बसायला लावलं. पानं बाजूला होऊन मुलीनं नवऱ्याकडे पाहिलं तेव्हा वन्संनी ते नीट पाहून घेतलं. मग म्हणाल्या, “हिचं कडवं आहे माझ्याकडं लिहिलेलं. रविवारी फोन करते. दोघांना बोलावून समोर बसव, सगळी आठ म्हणणार आहे.”

बसवते, म्हणाले. किती वेळ लागेल, ते मी विचारलं नाही.