चिंचेनं उजळलेली मेंढी

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळली. सांगलीच्या आमच्या हुन्नरशाळेची हकिकत कुणी विचारली, की मी भट्टी, वर्ग, संग्रहालय यांवर भरभरून बोलायचो आणि ओतकामाच्या मास्तरांपाशी आलो, की विषय बदलायचो.

मास्तर आटपाडीकडचे. एका जागी बसणं त्यांना जमायचंच नाही. भट्टी ते संग्रहालय, दिवसभर येरझारा. संग्रहालय माझ्या ताब्यात होतं. 'हात लावू नये' या पाटीखाली उभं राहून ते खुशाल मूर्तींच्या पाठीवरून हात फिरवायचे.

"मास्तर, पाटी!"

"आरं, हात लावल्याबिगर कळतंय व्हय? डोळं फसवत्यात गड्या."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्यावर रागावताच येत नाही.

ते हंगामी होते. ज्या शिक्षकाचं काम बाहेरून येणारी निवड समिती संग्रहालयासाठी ठेवून घेई, तो कायम होई, असा शाळेचा रिवाज. लढाईचे दिवस होते, पितळ मिळेना. मास्तरांनी घरची घागर वितळवून मेंढी ओतली. मान वळवून कोकराकडे बघणारी. मग धूर आणि तेल देत ती हळूहळू काळी केली. त्या काळेपणामुळेच तिची लोकर दिसायची. समितीला दाखवायला म्हणून ती त्यांनी माझ्याकडे संग्रहालयात आणून ठेवली.

"बायकू म्हंती, आता मेंढीतनं पाणी आणू का?" ते हसायचे. "म्हनलं, कायम झालो की दोन घागरी घिऊ."

समिती यायच्या आदल्या दिवशी ते गावी गेले होते. पाहुणे येणार म्हणून मी सगळं पितळ उजळायला काढलं, घरी सणाला काढतात तसं. चिंच आणि राख लावून मेंढीही घासली. लखलखली. मला ती छानच वाटली.

समितीचे अध्यक्ष तिच्यापुढे क्षणभरच थांबले. "हे बाजारातलं खेळणं वाटतं."

नुकतेच गावाहून पोचलेले मास्तर पुढे धावले. "आवं सायेब, काळी हुती ही! म्या केलती काळी!"

"पितळ कुणी काळं करतं का?" कुणीतरी हसलं.

मुख्याध्यापकांनी मला विचारलं, "तुमच्याकडे आली तेव्हा कशी होती?"

माझी नोकरीही नवीच होती. "अशीच होती," मी म्हणालो.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. संध्याकाळी मेंढी घोंगड्यात बांधून निघून गेले ते परत आलेच नाहीत.

पुढे कधीतरी विट्याच्या स्टँडवर त्यांनीच हाक मारली. "लय दिसानं रं!" आम्ही चहा घेतला. मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा ओततो, म्हणाले.

"आणि ती मेंढी?"

"मोडली. घागर केली परत. पानी तरी येतंय."

गाडी लागली. ते गर्दीतून पायरीवर चढले.

"मास्तर!" मी ओरडलो.

ते वळले. "काय रं?"

मागचे लोक रेटत होते. ते थांबून राहिले होते.

"सांभाळून जा," मी म्हणालो.