फोन आधी कुणी ठेवायचा

डेपोतला भोंगा बंद झाला आणि त्याच्या जागी माझी नेमणूक झाली, असं मी गमतीनं सांगते. शहराबाहेरच्या फौजी डेपोत मी टेलिफोन ऑपरेटर आहे. त्या उन्हाळ्यात सगळ्या टेबलांवर इंटरनेटवर चालणारे नवे फोन आले. आता संकटाची सूचना त्यांच्यातूनच द्यायची ठरली. मी एक्स्चेंजमधून एक बटण दाबायचं, की सगळे फोन न उचलताच बोलू लागणार. बोलणार कोण, तर मीच. सिग्नलच्या साहेबांनी माझ्याच आवाजात हिंदीत आणि मराठीत रेकॉर्ड करून घेतलं, "लक्ष द्या. धोक्याची सूचना आहे. हातातलं काम सोडा आणि बाहेर कडुनिंबाखाली जमा व्हा."

मी उमरेडची, विणकराच्या घरातली. मागाच्या खडखडाटात बोलायचं तर शब्द सुटा सुटा टाकावा लागतो, तो कामी आला. मे महिन्यातल्या दुपारी कूलरचं पाणी ठिबकत असायचं, वाळ्याच्या वासानं डोळे जड व्हायचे, आणि मला वाटायचं, मी इथे नाहीच. वर्षानुवर्षं ज्या खोल्यांना नुसते फोन जोडून दिले, ज्यांच्या दारात कधी पाऊल टाकलं नाही, त्या सगळ्या खोल्यांमध्ये मी एकेका टेबलावर गुपचूप बसून आहे. हे वाटणं फार छान होतं. कुणाला सांगितलं नाही, डोक्यावर परिणाम झाला म्हणाले असते.

मग सराव झाला. मी बटण दाबलं आणि ठरल्याप्रमाणे स्वतःही कडुनिंबाखाली गेले. सगळे आले, टायरच्या शेडचा स्टोअरकीपर तेवढा आला नाही. तो स्टोअरकीपर म्हणजे आमचे हे. एका जवानाला पाठवलं. त्यानं पाहिलं तर हे टेबलापाशी ताठ उभे, रिसीव्हर कानाला, आणि माझी सूचना पुन्हा पुन्हा ऐकताहेत.

"काहून नाही निघाले तुमी?" मी विचारलं.

"तू बोलून राहिली होती ना वं. मधातच कसा ठेवू?"

सगळा डेपो पोट धरून हसला. बायकोचं बोलणं शेवटपर्यंत ऐकणारा माणूस पाहायला मिळाला, म्हणाले. पण यात बायकोचा भाग थोडाच होता. आमच्याकडे वरून आलेला फोन उभं राहून घेतात, आणि वरच्यानं ठेवल्याशिवाय खालचा ठेवत नाही. हे शिकवावं लागत नाही, हाताला लागूनच जातं. यांच्या हाताला तर फारच लागलेलं. माझी सूचना मात्र न थांबता फिरत राहणारी. ती फोन ठेवणार कधी?

मीही हसले. संध्याकाळी कणीक मळताना मात्र हात थांबला. त्या शेडमध्ये छतापर्यंत रबर आहे. खरंच पेटलं, तर हा माणूस तिथेच उभा राहील. माझा आवाज ऐकत उभा राहील. यांना म्हटलं तर म्हणाले, "पुढच्या टायमाले निघतो ना गडे." पण मला भरवसा नव्हता. जित्याची खोड म्हणतात, ती म्हण त्या संध्याकाळी मला पुरी म्हणवेना.

दुसऱ्या दिवशी साहेबांकडे गेले. सूचनेच्या शेवटी एक वाक्य वाढवू द्या म्हटलं. त्यांनी कारण ऐकलं, मान हलवली आणि माईक पुढे सरकवला. मी बोलले, "एवढंच. मी फोन ठेवते. तुम्हीही ठेवा आणि निघा." त्यानंतर फोन ठेवल्याचा खट् आवाज आणि थोडी शांतता, मग सूचना पुन्हा पहिल्यापासून.

पावसाला अजून अवकाश होता, तेव्हाची गोष्ट. दुपार अशी की झाडांनाही पेंग आलेली. टायरच्या शेडमागच्या वाळल्या गवतानं पेट घेतला. गेटवरून फोन आला, मी बटण दाबलं. माझ्यासमोरच्या पडद्यावर प्रत्येक फोनचा लाल दिवा लागला. कुणी रिसीव्हर उचलला की तो हिरवा होतो. एकच हिरवा झाला. शेडचा.

एक्स्चेंजही रिकामं करायचं होतं. मला उठता येईना. माझाच आवाज भिंतीवर आदळून परत येत होता आणि मी स्वप्नातल्यासारखी त्या हिरव्या दिव्याकडे पाहत बसले, म्हणत होते, लवकर बोल गं बाई, लवकर संपव. "मी फोन ठेवते," ती म्हणाली. खट् झालं. हिरवा दिवा गेला.

मी मागच्या दारानं पळाले. कडुनिंबाखाली सगळे होते, हे नव्हते. शेडमधून बाहेर पडताना पाहिलं म्हणे, पुढे कुठे गेले माहीत नाही. शेडवर काळा धूर चढत होता.

तेवढ्यात हे आले ते एक्स्चेंजच्या बाजूनं, धापा टाकत, घामानं चिंब. मी मागून निघून गेल्यावर हे पुढच्या दारानं मला शोधत आत शिरले होते.

"तिकडं काहून गेले?" मी ओरडलेच.

"तू आत होती ना वं."

आग गवतापुरतीच राहिली, शेडची भिंत तेवढी काळवंडली. मोठे साहेब मात्र तापले. हुकूम बाहेर यायचा होता, दुसऱ्या इमारतीत शिरायचा नव्हता, याला शिस्त म्हणतात का, वगैरे. उभ्या नोकरीत यांनी ऐकलेली ती पहिली ताकीद. मला यांचा इतका राग आला होता आणि हे इतके आवडले होते की मी सगळ्यांसमोर यांचा हात धरून उभी होते.

साहेबांचं बोलणं अजून चालूच होतं. हे माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "चाल, पाणी पे आधी." आणि आम्ही निघालो.